मेमिंजरची तिजोरी: फुटीचा जाहीरनामा लिहिणाऱ्या अर्थमंत्र्याचे प्रकरण

अमेरिकेच्या यादवी युद्धात कॉन्फेडरसीने, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या सरकारने, १८६३ साली काढलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर मधोमध राजधानी रिचमंडच्या कॅपिटॉलची, म्हणजे विधिमंडळाची, इमारत आहे आणि उजव्या बाजूला कोट घातलेल्या एका वयस्क माणसाचे चित्र. कॉन्फेडरेट स्टेट्स आणि युनायटेड स्टेट्स यांच्यात शांततेचा तह मंजूर झाल्यावर दोन वर्षांनी धारकाला पाच डॉलर मिळतील, असे वचन नोटेवर छापले आहे. युद्ध जिंकलो तर पैसे मिळतील, एवढाच त्याचा अर्थ. चित्रातला माणूस क्रिस्टोफर गुस्टाव्हस मेमिंजर, फेब्रुवारी १८६१ ते जुलै १८६४ या काळातला कॉन्फेडरसीचा अर्थमंत्री.

मेमिंजर आयुष्यभर खणखणीत नाण्याचा कैवारी होता. नोटेच्या बदल्यात सोने-चांदी न देणाऱ्या बँकांवर त्याने खटले चालवले होते. त्याच माणसाच्या सहीशिक्क्याने कागदी पैशाचा जो पूर आला, त्यात दक्षिणेची अर्थव्यवस्था बुडाली. दक्षिणेतल्या अनेकांनी पुढे सगळा दोष त्याच्या माथी मारला, आणि काही अभ्यासक त्याला परिस्थितीचा बळी मानतात. मला दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. १८६० च्या नाताळात त्याने जो कागद लिहिला, त्यातच पुढच्या चार वर्षांचा जमाखर्च ठरून गेला होता. म्हणून हे प्रकरण त्याच्या मंत्रिपदापासून सुरू करता येत नाही, बरेच मागे जावे लागते.

अनाथालयापासून विधिमंडळापर्यंत

९ जानेवारी १८०३ रोजी जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग प्रांतात त्याचा जन्म झाला. वडील लष्करात होते, ते मुलगा जेमतेम महिन्याचा असताना लढाईत गेले. विधवा आई त्याला घेऊन समुद्रापार दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरात आली आणि काही काळातच पिवळ्या तापाने वारली. चार वर्षांचा मुलगा शहराच्या अनाथालयात दाखल झाला. अकराव्या वर्षी टॉमस बेनेट या प्रतिष्ठित गृहस्थाने त्याला आपल्या घरी नेले. मुलगा इतका हुशार की बाराव्या वर्षी साउथ कॅरोलायना कॉलेजात गेला आणि सोळाव्या वर्षी, १८१९ मध्ये, वर्गात दुसरा येऊन बाहेर पडला. पुढे वकिली शिकला आणि चार्ल्स्टनमध्ये नाव कमावले.

बेनेट पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत, १८२२ साली, डेन्मार्क व्हेसी या मुक्त कृष्णवर्णीयाने गुलामांचा उठाव रचल्याच्या आरोपावरून चार्ल्स्टनमध्ये धरपकड झाली. फासावर गेलेल्यांत खुद्द बेनेटच्या घरचे गुलाम होते: रोला, बॅटो आणि नेड. मेमिंजर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि याच बेनेट कुटुंबाच्या छायेत वाढलेला होता. ज्या माणसांना त्याने रोज घरात वावरताना पाहिले असणार, ती फासावर गेली. या घटनेचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला हे आज कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण चार्ल्स्टनच्या गोऱ्या समाजाला कोणती भीती कायम पोखरत होती ते यावरून कळते. दक्षिण कॅरोलायनात निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती.

तरुणपणी मेमिंजर फुटीच्या विरोधात होता. १८३२ च्या सुमारास संघराज्याचा जकात कायदा आपल्या राज्यात रद्दबातल ठरवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा त्याने बायबलच्या भाषेची धाटणी घेऊन या मोहिमेची खिल्ली उडवणारी पुस्तिका लिहिली. १८३६ मध्ये तो विधिमंडळात निवडून आला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तिथल्या वित्त समितीचा अध्यक्ष राहिला. बँकांशी झुंज याच काळातली. १८३७ च्या मंदीनंतर बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले. अशा बँकांची सनद रद्द व्हावी म्हणून तो राज्याच्या बाजूने न्यायालयात उभा राहिला. बँकेची नोट म्हणजे करार, आणि करार मोडणाऱ्याला धंदा करण्याचा हक्क नाही, अशी त्याची भूमिका होती.

याच काळातले त्याचे दुसरे काम शाळांचे. चार्ल्स्टनमधल्या सार्वजनिक शाळांची घडी बसवण्यात त्याचा वाटा मोठा होता आणि मुलींसाठीची शाळा व शिक्षिका प्रशिक्षण संस्था १८५९ मध्ये उभी राहिली. तिला पुढे त्याचेच नाव मिळाले. या शाळा अर्थातच गोऱ्या मुलांसाठी होत्या. गुलामांना लिहायला शिकवणे त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता आणि मेमिंजर स्वतः गुलामांचा मालक होता.

वळण: १८५९-६०

१८५० च्या सुमारास पुन्हा फुटीची हवा तापली. तेव्हाही एकट्या दक्षिण कॅरोलायनाने बाहेर पडू नये, दक्षिणेतल्या राज्यांनी मिळून काय ते ठरवावे, असे म्हणणाऱ्या गटात तो होता. तो मवाळ समजला जाई. मग ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउनने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. गुलामांना शस्त्रे देऊन उठवायचा त्याचा बेत होता. तो फसला आणि ब्राउनला फाशी झाली, पण दक्षिणेच्या गोऱ्या समाजाची झोप उडाली. दक्षिण कॅरोलायनाने आपला दूत म्हणून मेमिंजरला जानेवारी १८६० मध्ये रिचमंडला पाठवले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळापुढे त्याने लांबलचक भाषण केले आणि दक्षिणेच्या राज्यांनी एकत्र बैठक घ्यावी अशी गळ घातली. व्हर्जिनियाने नकार दिला. तो परतला तो बदललेला माणूस होऊन. इतरांना सोबत घेऊन जाण्याचा मार्ग बंद झाला आहे, आता एका राज्याने पाऊल टाकले तरच बाकीची येतील, असे त्याला वाटू लागले.

नोव्हेंबरात लिंकन निवडून आला. २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्स्टनमधल्या अधिवेशनात दक्षिण कॅरोलायनाने १६९ विरुद्ध शून्य मतांनी संघराज्य सोडले. चार दिवसांनी या फुटीची कारणे सांगणारा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचा मुख्य लेखक मेमिंजर.

हा जाहीरनामा मूळ रूपात जरूर वाचावा, कारण पुढे युद्ध हरल्यावर दक्षिणेत सांगितली गेलेली गोष्ट निराळी आहे. राज्यांचे अधिकार, जकात, उत्तरेची दांडगाई ही कारणे नंतर पुढे केली गेली. मेमिंजरचा कागद वकिलाचा आहे आणि तो आडपडदा ठेवत नाही. संविधान हा राज्यांमधला करार आहे. त्या करारात पळून आलेले गुलाम परत करण्याचे कलम आहे. उत्तरेच्या राज्यांनी आपापल्या कायद्यांनी हे कलम निकामी केले. तिथे गुलामगिरीबद्दलचा द्वेष वाढत चालला आहे आणि आता गुलामगिरीच्या विरोधात असलेला माणूस राष्ट्राध्यक्ष होतो आहे. म्हणून करार मोडला, आम्ही मोकळे. जकातीचा मुद्दा कारण म्हणून त्यात येतच नाही. बँकेच्या नोटेबद्दल त्याने जो युक्तिवाद केला होता तोच इथे आहे, पण या वेळी कराराचा विषय माणसे होती.

रिकामी खोली

फेब्रुवारी १८६१ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात फुटलेल्या राज्यांचे प्रतिनिधी जमले. तात्पुरते संविधान बनवणाऱ्या समितीचा अध्यक्ष मेमिंजर होता आणि तो मसुदा काही दिवसांतच तयार झाला. राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसला मंत्रिमंडळात प्रत्येक राज्याचा माणूस हवा होता. दक्षिण कॅरोलायनाच्या रॉबर्ट बार्नवेलला त्याने परराष्ट्र खाते देऊ केले, ते त्याने नाकारले. मग अर्थखात्यासाठी मनात असलेला जॉर्जियाचा रॉबर्ट टूम्ब्स परराष्ट्र खात्यात गेला आणि अर्थखाते मेमिंजरकडे आले. युद्धाचा सगळा भार ज्या खात्यावर पडायचा होता, त्याची निवड अशी फेरबदलातून झाली. तरी निवड चुकीची म्हणता येत नाही. वीस वर्षे राज्याचा हिशेब पाहिलेला, कष्टाळू आणि प्रामाणिक असा माणूस त्या सभेत सहज मिळाला नसता.

खजिन्यात काही नव्हते. लुइझियानाने न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतून आणि जकात कचेरीतून ताब्यात घेतलेले सुमारे ५ लाख ३६ हजार डॉलर दिले. २८ फेब्रुवारीला दीड कोटी डॉलरचे ८ टक्के व्याजाचे कर्ज उभारण्याचा कायदा झाला आणि व्याजासाठी निर्यात होणाऱ्या कापसावर पौंडामागे सेंटच्या आठव्या हिश्शाचा कर बसवला गेला. हे कर्ज पूर्ण उभे राहिले. मेमिंजरच्या शिस्तीतली ही पहिली आणि शेवटची गोष्ट: कर्ज ठरावीक, व्याज कशातून द्यायचे तेही ठरलेले.

मार्चमधल्या कायद्याने पहिल्या नोटा निघाल्या, एकूण फक्त दहा लाख डॉलरच्या. शंभर डॉलरवर रोज एक सेंट व्याज मिळे. दक्षिणेत चांगले नक्षीकाम करणारे छापखानेच नव्हते, त्यामुळे या पहिल्या नोटा चक्क न्यूयॉर्कमध्ये छापल्या गेल्या. एप्रिलमध्ये चार्ल्स्टन बंदरातल्या फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, युद्ध सुरू झाले आणि तो दरवाजा बंद झाला. पुढे रिचमंडला राजधानी हलल्यावर स्थानिक छापखान्यांवर भागवावे लागले, स्कॉटलंडहून लिथोग्राफीचे (शिळाछापाचे) कारागीर उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून आणावे लागले. नोटांवर सह्या हाताने करायच्या, म्हणून शेकडो कारकून लागले आणि त्यात मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. युद्धात नवरा किंवा बाप गमावलेल्या चांगल्या घरच्या बायका खजिन्याच्या कचेरीत दिवसभर नोटांवर नावे लिहीत आणि कात्रीने नोटा कापत. १८६४ मध्ये या कामाचा बराच भाग दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबियाला हलवला गेला. छपाई इतकी साधी होती की फिलाडेल्फियातल्या सॅम्युअल अपहॅम नावाच्या दुकानदाराने ‘आठवण’ म्हणून नकली नोटा छापून विकायला सुरुवात केली आणि त्या दक्षिणेत खऱ्या म्हणून फिरू लागल्या.

उन्हाळ्यापर्यंत दोन्ही सैन्ये फुगली होती. मेमिंजरने दक्षिणेच्या बँकांना खजिन्याच्या नोटा स्वीकारायची विनंती केली. सप्टेंबर १८६१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या बँकांनी त्याच्याच सांगण्यावरून नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले. वीस वर्षांपूर्वी ज्या कृत्यासाठी त्याने बँकांना कोर्टात खेचले होते, ते आता तो त्यांना करायला सांगत होता. त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता हे मान्य करावे लागेल, कारण नाणे देत राहणारी बँक खजिन्याच्या कागदी नोटा घेऊच शकली नसती.

कर का बसला नाही

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. युद्धाचा खर्च तीन मार्गांनी भागतो: कर, कर्ज आणि छापखाना. उत्तरेनेही कागदी नोटा काढल्या, पण तिथे खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा करांतून आला आणि मोठा भाग रोख्यांतून. दक्षिणेत सुमारे ६० टक्के रक्कम नुसत्या नोटा छापून उभी राहिली आणि करांचा वाटा १० टक्क्यांच्याही खाली राहिला.

मेमिंजरला हे कळत नव्हते असे नाही. मे १८६१ मध्येच त्याने काँग्रेसकडे, म्हणजे कॉन्फेडरसीच्या संसदेकडे, प्रत्यक्ष कराची मागणी केली. काँग्रेसने ती ऑगस्टपर्यंत ढकलली, मग मालमत्तेवर अर्धा टक्का युद्धकर बसवला आणि सोबत पळवाट ठेवली: राज्याने आपल्या वाट्याची रक्कम एकदम भरली तर १० टक्के सूट. बहुतेक राज्यांनी लोकांकडून कर न घेता स्वतः कर्ज काढून किंवा नोटा छापून ही रक्कम भरली. कराचा उद्देश लोकांच्या हातातला जादा पैसा काढून घेण्याचा होता आणि घडले नेमके उलटे.

मळेवाल्यांनी कापूस विकून येणाऱ्या पैशाचा वाटा सरकारला द्यायचा आणि बदल्यात रोखे घ्यायचे, अशीही योजना होती. कागदावर मोठमोठी आश्वासने जमली. पण नाकेबंदीत कापूस विकला जात नव्हता, आणि विकला गेला तरी शब्द पाळायला मळेवाले अडखळत. सरकारला रोख्यांच्या बदल्यात पैशाऐवजी शेतावर पडलेल्या गाठी मिळाल्या.

दक्षिणेतली खरी संपत्ती दोन रूपांत होती, जमीन आणि गुलाम. ३५ लाख गुलामांची बाजारातली किंमत युद्धापूर्वी सुमारे ३ अब्ज डॉलर धरली जाते. काँग्रेसमध्ये बसलेले लोक याच संपत्तीचे मालक होते. फेब्रुवारी १८६२ पासून लागू झालेल्या कायमच्या संविधानात प्रत्यक्ष कर लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांवर वाटून घ्यायची अट होती, आणि त्यासाठी जनगणना हवी. युद्धात जनगणना होणे अशक्य. म्हणून जमीन आणि गुलाम यांवर कर घालता येत नाही, असा युक्तिवाद दोन वर्षे चालला. ज्या मालमत्तेसाठी देश फोडला, ती मालमत्ता त्या देशाच्या संरक्षणासाठी हात लावायची नाही असे ठरले होते. मेमिंजरच्या जाहीरनाम्यात मालमत्तेचा हक्क हाच सर्वोच्च करार होता. तो करार मानणाऱ्यांच्या सभेत उभा राहून तुमच्या गुलामांवर जबर कर द्या, असे म्हणण्याची त्याची ताकद त्यानेच आधी काढून घेतलेली होती.

त्याच्या स्वभावाचाही दोष होता. तो काँग्रेसला अहवाल पाठवी, आकडे देई, शिकवल्यासारखे समजावी. मित्र जोडणे, दबाव आणणे, राजीनाम्याची धमकी देणे या गोष्टी त्याला जमल्या नाहीत. १८६१ च्या ऑगस्टमध्ये, जनतेचा उत्साह उतू जात असताना, जबर कर नसेल तर मी या खात्यात राहणार नाही, असे तो म्हणाला असता तर? माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली खरी चूक ती आहे. पुढची प्रत्येक चूक नाइलाजाची होती, ही नव्हती.

सामान्य माणसाला याची किंमत किती पडली ते किमतींवरून कळते. ऑक्टोबर १८६१ पासून अडीच वर्षे किमती दर महिन्याला सरासरी १० टक्क्यांनी वाढत गेल्या. पुढेही भाव चढतच राहिले आणि युद्ध संपेपर्यंत ते सुरुवातीच्या नव्वद पटींवर गेले. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडच्या रस्त्यावर बायकांचा जमाव ‘भाकरी’ ओरडत निघाला आणि त्यांनी दुकाने फोडली. सैनिकाचा महिन्याचा पगार ११ डॉलर, तोही उशिरा मिळणारा. घरच्यांचे उपाशी असल्याचे पत्र वाचून पळून गेलेल्या सैनिकांमागे खजिन्याचे हे अपयश उभे होते.

कापूस, पॅरिस आणि मुंबई

दक्षिणेचा मोठा भरवसा कापसावर होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग तिथून जाई. कापूस थांबवला की लँकेशायर हा गिरण्यांचा प्रांत कळवळेल आणि ब्रिटन आपल्याला मान्यता देईल, या हिशेबाने १८६१ मध्ये मळेवाल्यांनी आणि बंदरांतल्या समित्यांनी कापूस रोखून धरला. सरकारने तसा कायदा केला नाही, पण अडवलेही नाही. त्याच वेळी लिंकनने नाकेबंदी जाहीर केलेली होती. ती अजून विरळ होती, आणि जेव्हा कापूस बाहेर काढणे सोपे होते तेव्हा दक्षिणेने आपणच दार लावून घेतले.

परदेशी कर्जाचा मोठा प्रयत्न १८६३ मध्ये झाला. पॅरिसच्या एमिल एर्लांजर पेढीने ३० लाख पौंडांचे ७ टक्के व्याजाचे रोखे बाजारात आणले. पेढीने ते दर्शनी किमतीच्या ७७ टक्क्यांना घेतले आणि लोकांना ९० ला विकले. रोखा कापसात बदलून घेता येई, तोही एक पौंड वजनाच्या कापसाला ६ पेन्स या दराने, जेव्हा लिव्हरपूलला भाव त्याच्या तिपटीहून अधिक होता. मार्चमध्ये लोक रोख्यांवर तुटून पडले, पण काही दिवसांतच भाव घसरले आणि ते सावरायला दक्षिणेच्या प्रतिनिधींनी नुकताच मिळालेला पैसाच बाजारात ओतला. जुलैमध्ये गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्गचे पराभव झाले, मग रोखे सावरलेच नाहीत. व्यवहाराची बोलणी परराष्ट्रमंत्री जुडा बेंजामिन आणि पॅरिसमधला दूत जॉन स्लायडेल यांच्यामार्फत झाली होती. यात एर्लांजरचा फायदा सर्वांत पक्का होता.

कापसाच्या या डावाचा दुसरा पट आपल्याकडे उलगडला. अमेरिकेचा कापूस बंद होताच लिव्हरपूलचे दलाल मुंबईकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट, धारवाड, गुजरात इथला कापूस बैलगाड्यांनी आणि नव्याने घाट उतरू लागलेल्या रेल्वेने मुंबईला येऊ लागला. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्येच खुली झाली होती. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा आणि भेसळ, म्हणून लँकेशायरचे कामगार त्याच्या नावाने बोटे मोडत, पण गिरण्यांना दुसरा पर्यायच नव्हता. युद्धाच्या वर्षांत मुंबईकडे नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड इतका पैसा अधिक आला असे मानले जाते. मुंबईचा दलाल प्रेमचंद रायचंद आणि त्याच्यासारख्यांनी त्यावर सट्ट्याचा डोलारा उभा केला. बॅकबे भराव कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करल्याची बातमी मुंबईत पोहोचली तसा बाजार कोसळला, १ जुलैला वायद्यांची देणी द्यायची तारीख आली तेव्हा असंख्य पेढ्या बुडाल्या, आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे निघाले. तेजीच्या काळात सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जे दिली होती. भाव उतरल्यावर ती फिटेनात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळण्यापर्यंत गोष्टी गेल्या त्यामागे दुष्काळ, वाढलेला सारा ही कारणे होतीच, पण कापसाच्या तेजीनंतरची ही पडझडही होती.

मेमिंजर या सगळ्याचा कर्ता नव्हता. पण कापूस हे पैशाचे नाणे आहे, ही त्याच्या सरकारची समजूत कुठे चुकली ते मुंबईच्या गोदीत सर्वांत स्पष्ट दिसले. गिऱ्हाईक अडचणीत आले की दुसरा विक्रेता शोधते.

शेवटचे उपाय

एप्रिल १८६३ मध्ये काँग्रेसला जाग आली. उत्पन्नावर चढत्या दराने १५ टक्क्यांपर्यंत कर, व्यवसायांवर परवाना शुल्क आणि शेतमालाचा दहावा हिस्सा ऐनजिनसी वसूल करण्याचा कायदा झाला. आपल्या इतिहासातला ऐनजिनसी सारा ज्यांना माहीत आहे, त्यांना हा कर लगेच समजेल: पैशाची किंमत उरली नाही की सरकार धान्य मागू लागते. गरीब शेतकऱ्याने धान्य, मांस, चारा दिला, तर श्रीमंतांच्या जमिनी आणि गुलाम या कराबाहेर राहिले. गोळा केलेला माल रेल्वे स्थानकांवर सडल्याच्या तक्रारी होत्या. १८६३ अखेर ७० कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या नोटा बाजारात होत्या.

१७ फेब्रुवारी १८६४ च्या कायद्याने शेवटी जमीन आणि गुलामांवर ५ टक्के कर आला, मात्र मूल्यांकन १८६० च्या भावांनी आणि भरायचा तो घसरलेल्या चलनात. त्याच वेळी जुन्या नोटा ४ टक्के व्याजाच्या रोख्यांत बदलून घ्या, नाहीतर ठरावीक तारखेनंतर तीन डॉलरला दोन नवे डॉलर, असे फर्मान निघाले. नोटा आटल्या आणि काही आठवडे भाव उतरलेही. पण सरकारने स्वतःच्या नोटेचा तिसरा हिस्सा कायद्याने कापला होता. त्यानंतर त्या सरकारच्या कोणत्याही वचनावर कोण विश्वास ठेवणार? मेमिंजर जन्मभर ज्याला करारभंग म्हणत आला होता तोच इथे घडला होता.

काँग्रेस आणि वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. जुलै १८६४ मध्ये त्याने पद सोडले. त्याच्या जागी चार्ल्स्टनचा धनाढ्य व्यापारी जॉर्ज ट्रेनहोम आला, ज्याच्या पेढीची जहाजे नाकेबंदी चुकवून माल आणत. माणूस बदलला, हिशेब बदलला नाही.

युद्धानंतर

मेमिंजर उत्तर कॅरोलायनातल्या फ्लॅट रॉकमधल्या आपल्या उन्हाळी घरी राहिला. चार्ल्स्टनमधले त्याचे घर संघराज्याच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेऊन तिथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय उघडले होते. ते परत मिळावे म्हणून त्याने राष्ट्राध्यक्ष जॉन्सनकडे अर्ज केला. १८६६ मध्ये त्याला माफी मिळाली आणि घरही परत मिळाले. त्या मुलांना दुसरीकडे हलवले गेले. अनाथालयात वाढलेल्या माणसाला त्या मुलांविषयी काही वाटले का, हे विचारायचा मोह होतो. पण तो मालमत्तेचा हक्क मागत होता, आणि मालमत्तेच्या हक्काबाबत तो आयुष्यभर सुसंगत राहिला, तो हक्क माणसांवर असला तरीही.

कॉन्फेडरसीच्या रोख्यांचे काय झाले? १८६८ मध्ये अमेरिकेच्या संविधानात चौदावी दुरुस्ती आली. तिच्या चौथ्या कलमाने बंडासाठी काढलेले कोणतेही कर्ज आणि गुलामांच्या मुक्तीबद्दलची कोणतीही भरपाई बेकायदा ठरवली. लंडन-पॅरिसच्या गुंतवणूकदारांना आणि दक्षिणेतल्या विधवांना सारखेच शून्य मिळाले.

१८७४ मध्ये जुना वाद पुन्हा निघाला. दक्षिणेचा माजी सेनापती जोसेफ जॉन्स्टनने लिहिले की १८६१ च्या सुरुवातीला सरकारने कापसाच्या चाळीस-पन्नास लाख गाठी युरोपात पाठवून त्यावर सोने उभारले असते तर युद्ध जिंकता आले असते. मेमिंजरने चार्ल्स्टनच्या वर्तमानपत्रात उत्तर दिले. सरकार स्थापन झाले तेव्हा त्या हंगामाचा बराच कापूस आधीच बाहेर गेलेला होता. चाळीस लाख गाठी न्यायला, प्रत्येकी हजार गाठी धरल्या तरी, चार हजार जहाजे लागली असती. नाकेबंदी जाहीर झालेली असताना ती आणायची कुठून? आणि कापूस विकत घ्यायला सरकारकडे पैसे तरी कुठे होते?

या उत्तरात तर्क पक्का आहे आणि जॉन्स्टनचा दावा त्यापुढे टिकत नाही. पण मेमिंजरने त्यात कराचा विषय काढला नाही, मळेवाल्यांनी न पाळलेल्या शब्दाचा काढला नाही आणि डिसेंबर १८६० च्या आपल्या जाहीरनाम्याचाही काढला नाही. जहाजे मोजणे सोपे होते. जे सरकार चालवायला त्याने साडेतीन वर्षे दिली, त्याच्या मालकवर्गाने ते वाचवण्यासाठी खिशात हात का घातला नाही, हा प्रश्न त्याला विचारता येण्यासारखा होता, आणि ७ मार्च १८८८ रोजी चार्ल्स्टनमध्ये मरेपर्यंत तो त्याने जाहीरपणे विचारला नाही.